बाय, मी तुला माती दिली नाही

बाय,

बुधवारी सगळ्यांनी तुला माती दिली. फादरांनी दिली, माझ्या बायकोने, मेरीने दिली, तुझ्या वर्गात शिकून आता स्वतः आजोबा झालेल्या लोकांनी रांग लावून दिली. मी दिली नाही. मी कडेला उभा राहिलो, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. शेजारची आग्नेस मेरीला म्हणाली, "सख्ख्या बहिनीला मूठभर माती नाय दिली. पास्कूचं डोकं फिरलं काय?" हे ती हळूच म्हणाली, पण आग्नेसचं हळू म्हणजे देवळाच्या घंटेच्या खालोखाल. सगळ्यांनी ऐकलं. तूही ऐकलं असशील.

 तिला उत्तर द्यायचं तर दोन वर्षांपूर्वीपासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते आधी तुला सांगायला हवं होतं. दोन वर्षं आपण एकाच ओटीवर बसून चहा प्यायलो. केळीवरच्या रोगापासून फादरांच्या लांबलेल्या प्रवचनापर्यंत सगळं बोललो, तेवढं एक सोडून. मंगळवारी देवळात तुझ्या सातव्या दिवसाचा मिस्सा आहे. त्याआधी सांगून टाकतो. शुद्धलेखनाच्या चुका राहतील, त्या चालवून घे. लहानपणी मी मामाला लिहिलेलं पत्रसुद्धा तू लाल पेनाने तपासून मगच पेटीत टाकू द्यायचीस. आता पेन तुझ्या टेबलावर आहे आणि तपासणारी नाही.

तुझ्या वर्गातला तो जगाचा नकाशा मला आठवतो. गुंडाळून गुंडाळून त्याची खालची कड पार झिजून फाटली होती. सहा खंड धड होते, सातवा गायब. पोरं विचारायची, "टीचर, अंटार्क्टिका कुठाय?" तू छडी नकाशाच्या खाली, नुसत्या भिंतीवर टेकवायचीस आणि म्हणायचीस, "इथे." त्या वर्गातून शिकून गेलेल्या आपल्या उमेळ्याच्या निम्म्या लोकांना आजही अंटार्क्टिका म्हटलं की चुन्याची भिंत आठवते. तू तीस वर्षं भिंतीवर छडी टेकवलीस, आणि तुझ्या मनात काय चाललं होतं याचा मला पत्ता नव्हता. निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी एका सकाळी पावाला लोणी लावता लावता म्हणालीस, "पास्कू, मी अंटार्क्टिकाला जानार." असं म्हणालीस जसं काही कामणला जाऊन संध्याकाळी परत येणार.

आम्हाला वाटलं, म्हातारपणाची लहर आहे, उतरेल. पण तू नोकरीभर साठवलेला फंड त्यासाठीच ठेवला होतास. मुंबईच्या त्या प्रवासी कंपनीचं रंगीत पुस्तक तू बायबलच्या शेजारी ठेवायचीस. निळंशार आकाश, पांढरेशुभ्र डोंगर, त्याखाली लाल जाकिटातली हसणारी माणसं. सत्तर वर्षांची, हृदयात स्टेंट घातलेली बाई एकटी नको, असं डॉक्टरने कागदावर लिहून दिलं. सोबत कोण जाणार? मेरीला अर्नाळ्याच्या फेरीबोटीतही ओकारी होते. पोरं नोकऱ्यांत. राहिला पास्कू. "तुला काय, वाडीत नाय तर बोटीत, बसायचंच आहे ना," असं म्हणून तू माझंही तिकीट काढलंस. मला थंडीही आवडत नाही आणि पाणीही. पण तू मला कधी विचारून काही केलंयस का? आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माझा डबा, माझी शाळा, पुढे माझं लग्न, सगळं तूच ठरवलंस. तुझं स्वतःचं लग्न राहून गेलं, ते तू ठरवलं होतंस की आमच्यामुळे राहिलं, हेही मी कधी विचारलं नाही. बघ, न विचारलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे.

आता त्या मातीबद्दल.

आपले बाबा मालवाहू बोटीवर भंडारी होते, बोटीचं कोठार सांभाळायचे. ते निघायच्या आदल्या दिवशी आई विहिरीजवळची चिमूटभर माती घ्यायची, पांढऱ्या फडक्याच्या तुकड्यात बांधायची आणि त्यांच्या कोटाच्या अस्तरात लाल दोऱ्याचे तीन टाके घालून शिवून टाकायची. वाडीची माती अंगाला असली की माणूस वाडीत परत येतो. बाबा हसायचे, पण कोट घालायचे. आणि दर वेळी परत आले, हे तर तूही नाकारत नव्हतीस. तू मात्र शिक्षिका व्हायला वसतिगृहात गेलीस तेव्हा फ्रॉकच्या दुमडीत ती पुरचुंडी तुला सापडली, आणि ती तू तिथल्या तुळशीच्या कुंडीत रिकामी केलीस. वर घरी येऊन सांगितलंस. आई दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. "मातीत नायट्रोजन असतो, फॉस्फरस असतो. परत आनायची ताकद नसते," असं तू म्हणालीस. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा असेन. तुझं बोलणं मला कळलं नाही, आईचं रडणं कळलं.

यावरून आपण जन्मभर भांडलो. मी नवीन केळी लावताना बुंध्याशी पवित्र पाणी शिंपडायचो, तू म्हणायचीस, शेणखत जास्त घाल. मी म्हणायचो, तू रविवारी गुडघे टेकतेस ते काय मग? तू म्हणायचीस, "देव वेगळा आनि तुझी पुरचुंडी वेगळी. देवाला मी काय कोटात शिवत नाय." या वादात तूच जिंकायचीस, आणि जिंकल्यावर माझ्या ताटात बोंबलाची एक तुकडी जास्त वाढायचीस.

जायच्या आधीच्या रविवारी तू पहिल्या मिस्साला गेलीस आणि मी मुद्दाम दुसऱ्याला जाईन म्हणून घरी राहिलो. अर्धी वाडी विकली त्यावर आता सात मजले उभे आहेत, पण विहीर आपल्या अर्ध्यात राहिली आहे. तिथली चिमूटभर माती घेतली. तुझं नवीन निळं जाकीट पलंगावर होतं. त्याच्या मागच्या खालच्या दुमडीची शिवण ब्लेडने उसवली, पुरचुंडी सरकवली, लाल दोऱ्याचे तीन टाके घातले. सुईत दोरा ओवायलाच मला दहा मिनिटं लागली. बाय, मी अंधश्रद्ध आहे म्हणून ते केलं नाही. मी घाबरलो होतो म्हणून केलं. जगाच्या टोकाला, जिथे इस्पितळ नाही, देऊळ नाही, तिथे तुझ्या छातीत कळ आली तर मी काय करणार होतो? मला तू परत हवी होतीस. दुसरं काहीही डोक्यात नव्हतं. माझ्या स्वतःच्या जाकिटात मी माती घातली नाही, हेही आता सांगतो.

तीन विमानं बदलून आपण अर्जेंटिनाच्या त्या शेवटच्या गावात पोहोचलो आणि बोटीत चढलो. पहिले दोन दिवस समुद्राने आपल्याला ताकासारखं घुसळलं. मी बादली धरून पडलो होतो. तू दांडी धरून व्याख्यानाला जायचीस, वहीत लिहून आणायचीस आणि मला पडल्या पडल्या वाचून दाखवायचीस. दुसऱ्या दिवशी तू ते नियम वाचलेस: किनाऱ्यावर खाण्याचा कण न्यायचा नाही, बी न्यायचं नाही, माती न्यायची नाही. तिथे आपल्याकडचं काही रुजलं तर तिथलं मरेल. वाचताना तुझा चेहरा फुलला होता. "बघ पास्कू, जगात एक तरी जागा लोकांनी जपलीय," असं म्हणालीस. मी ओकारी नसताना बादली तोंडाशी ओढली.

मग तो फॉर्म आला. माझ्या कपड्यांत माती वा बियाणं नाही, असं लिहून सही. इंग्रजी तुझं चांगलं म्हणून दोघांचे फॉर्म तूच भरलेस. माझ्याकडे न बघता विचारलंस, "माती, बी, काय नाय ना?" मी म्हटलं, "नाय." आणि तू सही केलीस. आयुष्यात मस्टरवर एक मिनिट उशिराची वेळसुद्धा खरी लिहिणारी तू. मी तुला खोट्या कागदावर सही करायला लावली. संध्याकाळी सगळ्यांच्या जाकिटांवरून, खिशांतून, चिकटपट्ट्यांवरून व्हॅक्यूमची नळी फिरवली. तुझ्या खिशातून सुकेळीचा, वाळवलेल्या केळ्याचा, एक तुकडा निघाला. वसईहून निघताना तू चार सुकेळी खिशात कोंबली होतीस, त्यातला. तू लाजून नळी फिरवणाऱ्या वेणीवाल्या पोरीला तीनदा सॉरी म्हणालीस. दुमडीत आत काय आहे ते नळीला कळलं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

त्या कंपनीच्या पुस्तकातलं निळंशार आकाश काही आपल्याला भेटलं नाही. पहिल्या बेटाजवळ बोट थांबली तेव्हा इतकं धुकं की बोटीचं नाकही दिसेना. उतरणं रद्द. दुसऱ्या दिवशी लाटा मोठ्या, रद्द. तिसऱ्या दिवशी वारा, रद्द. रोज सकाळी कर्ण्यातून तो गोड आवाज यायचा आणि आपण काय बघणार नाही ते सांगायचा. लोक चिडले होते. एक जण पुस्तक हातात नाचवून भांडत होता. डाव्या बाजूला देवमासा आला म्हणून सगळे धावले, तर आपण उजव्या बाजूला, आणि डावीकडे पोहोचेपर्यंत नुसतं पाणी. जेवणात उकडलेला बटाटा आणि त्यावर काहीतरी पांढरं. मेरीने दिलेल्या बोंबलाच्या लोणच्याने आपल्याला वाचवलं. तूसुद्धा तिसऱ्या दिवशी काचेला नाक लावून म्हणालीस, "धुकंच बघायचं होतं तर अर्नाळ्याला बसलो असतो. वर भजीपन मिळाली असती." मी हसलो. तू हसली नाहीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी तिकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी किनाऱ्यावर उतरवत नाहीत तर निदान फिरवून आणतो म्हणून रबरी होडीत बसवलं. वरून बर्फाचा चिखल पडत होता. दीड तास आपण त्यात बसलो. एक पेंग्विन दिसला, तोही पाठमोरा. तू मात्र ओलीचिंब होऊन, दात वाजवत, एका हिमनगाकडे बोट दाखवून मला त्याचा निळा रंग कसा येतो ते समजावत होतीस. मला ते एक अक्षर आठवत नाही. तुझं बोट आठवतं, निळं पडलेलं.

शेवटच्या दिवशी खऱ्या खंडावर उतरायचं होतं. बेटावर नव्हे, खंडावर. सकाळी पडदा बाजूला केला तर वारा पडलेला, डोंगर दिसत होते. तू जपमाळ गळ्यात घातलीस, लिपस्टिक लावलीस! सत्तराव्या वर्षी. मी म्हटलं, "पेंग्विनला दाखवायला?" तू म्हणालीस, "गप, पहिल्यांदा भेटतेय मी तिला." आपण रांगेत उभे राहिलो. मी पुढे, तू मागे. मी बूट औषधाच्या पाण्यात बुडवून शिडीपाशी गेलो आणि मागे थांबवल्याचा आवाज ऐकला.

आदल्या दिवशी भिजलेली ती माती रात्रभर हळूहळू झिरपली होती. तुझ्या निळ्या जाकिटाच्या मागच्या कडेवर तळहाताएवढा तपकिरी डाग. ती वेणीवाली पोर खाली वाकली, तिने दुमड चाचपली, तिच्या बोटांना गाठ लागली. तिने कात्री मागवली. पांढरी पुरचुंडी बाहेर आली आणि तिच्या हातावर फुटली. आपल्या विहिरीजवळची काळी माती, आणि तिच्यात, देवा, कसलंतरी एक बी. लाल दोरा लोंबत होता.

तू तो दोरा बघितलास. तीन टाके. तुला ओळखायला किती वेळ लागणार? मग तू माझ्याकडे बघितलंस. एवढंसंच. आणि त्या पोरीला इंग्रजीत, वर्गात बोलायचीस त्या स्पष्ट आवाजात म्हणालीस, "हे माझं आहे. मी ठेवलं. माझी चूक झाली."

मी बोलायला हवं होतं. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण 'मी' म्हणायला इंग्रजी लागत नाही, छातीवर हात ठेवला तरी पुरतं. मी हात ठेवला नाही. ती पोर वाईट नव्हती. तिने समजावलं: जाकीट काढा, बाकीचे कपडे पुन्हा तपासू, दुसरं जाकीट शोधू, पुढच्या होडीने जा. माती तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर काहीतरी लिहिलं आणि घेऊन गेली. होडीवाला मला हाका मारत होता. तू म्हणालीस, "तू जा. एकजन तरी पोचू दे." मला वाटलं, पुढच्या होडीने तू येशीलच. हे मी दोन वर्षं स्वतःला सांगतोय. पण खरं सांगू? मला तुझ्यासमोरून पळायचं होतं. म्हणून मी गेलो.

मी उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वारा उठला. कर्णा वाजला, सगळ्यांना परत फिरा म्हणाला. पुढची होडी निघालीच नाही. मी किनाऱ्यावरून बोटीकडे बघितलं तर तू कठड्याला होतीस, जाकिटाशिवाय, मेरीने विणलेल्या तपकिरी स्वेटरमध्ये. एवढ्या लांबून तू छोटीशी दिसत होतीस. तू हात हलवलास. मी हलवला नाही. मी पाठ फिरवली. तुला वाटलं असेल की मी डोंगर बघतोय.

परत आलो तेव्हा केबिनमध्ये तू चहा करून ठेवला होतास. बोटीवरच्या छोट्या डबीतल्या सुईदोऱ्याने तू जाकिटाची दुमड शिवत होतीस, पांढऱ्या दोऱ्याने. "गार झालास काय रे? घे," म्हणालीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. आईसारखी दोन दिवस बोलली नसतीस तरी चाललं असतं. तू नेहमीसारखीच बोललीस आणि मला तोंड उघडायला जागाच ठेवली नाहीस. की मीच जागा शोधली नाही?

गावात आल्यावर तर माझी वरातच निघायची बाकी होती. "अंटार्क्टिका पास्कू आला रे!" बाजारात केळीचा घड उतरवताना, देवळाच्या पायरीवर, न्हाव्याकडे, सगळीकडे तेच. आपल्या घरात तो खंड बघण्यासाठी जन्मभर जिने वाट पाहिली तिला कोणी त्या नावाने हाक मारली नाही. जो कपाळाला आठ्या घालून गेला, त्याला नाव मिळालं. तू ओटीवर बसून ते ऐकायचीस आणि हसायचीस. तुझं हसणं खरं होतं की नाही हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीत शाळेने तुला बोलावलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तू नवीन नकाशा भेट दिलास, खालच्या कडेसकट. तू सांगितलंस, "मी तिथपर्यंत गेले. उतरले नाही." एका मुलीने विचारलं, "का नाही उतरल्या, टीचर?" मी बाकाची कड घट्ट धरली. तू म्हणालीस, "माझ्या अंगावर घरची माती होती. तिथे तशी माणसं घेत नाहीत. आणि बरोबर करतात." मुलं हसली, कारण त्यांना वाटलं टीचर आंघोळ न करता गेल्या. तूही त्यांच्याबरोबर हसलीस. माझं नाव तू तिथेही घेतलं नाहीस.

आणि मग या जून महिन्यापासून तुझा श्वास कमी होत गेला. पलंग खिडकीशी आणला, विहीर दिसते म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी मी तुला पेज भरवत होतो. तू चमचा बाजूला सारून विचारलंस, "पास्कू, तिथं पायाखाली कसं लागतं रे?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तू विचारलंस. किती मन घट्ट करून विचारलं असशील. आणि मी काय म्हटलं? "काय लागनार? दगड. पेज गार होतेय, खा." तू "बरं" म्हणालीस आणि खिडकीकडे तोंड केलंस. मला तेव्हा फक्त ते तीन टाके दिसत होते, बाय. मला वाटलं, मी जास्त सांगितलं तर ते चोरून खाल्लेल्या घासाची चव सांगितल्यासारखं होईल. तुला ती चव हवी होती, एवढंच होतं ते. तू हिशेब मागत नव्हतीस. हे मला तुझा चमचा धुताना कळलं, आणि तरी मी परत तुझ्या खोलीत आलो नाही. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग तुला बोलणं झेपेना.

बुधवारी सकाळी तुला तयार करत होते तेव्हा मी विहिरीवर गेलो होतो. माझ्या खिशात फडकं होतं, सुई होती, लाल दोरा ओवून तयार होता. तुझ्या साडीच्या निरीत तीन टाके घालायचे असं मी रात्री ठरवलं होतं. चिमूट उचलली. आणि तिथेच उकिडवा बसलो. कोणाला परत बोलावतोय मी? ती सत्तर वर्षं इथेच होती. आईच्या जागी उभी राहिली, माझ्या जागी उभी राहिली, माझ्या चुकीच्या जागीसुद्धा उभी राहिली. तिला एकदाच पुढे जायचं होतं आणि मी तिला मागून धरून ठेवलं. माती विहिरीच्या काठावर ठेवून मी हात धुतले. नखंसुद्धा घासली. आतून मेरीने विचारलं, "काय करता तिकडे? पेटी बंद करायची वेळ झाली." मी हात पुसत आत गेलो.

म्हणून दफनभूमीत माझे हात खिशात होते. बाकीच्यांनी दिली त्याला माझा इलाज नव्हता, रीत आहे. पण माझ्या हातची माती तुला एकदा मिळाली आहे. ती पुरे झाली. आग्नेस काहीही म्हणो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. उशिरा देतोय, मार्क काप.

आधी दगड लागतात, ते मी खरंच सांगितलं होतं. गोल, ओले, बुळबुळीत. तेवढे आठ-दहा पावलं. मग बर्फ सुरू होतो. मला वाटलं होतं फरशीसारखा कडक असेल आणि पाय घसरेल. तसं नाही, बाय. तुला आठवतं, नायगावच्या मिठागरावर आपण मामाकडे जायचो आणि तो नको नको म्हणत असताना मिठाच्या राशीवर चढायचो? वरचा पापुद्रा करकर मोडायचा, पाऊल घोट्यापर्यंत आत जायचं आणि मग खाली घट्ट लागायचं, की आता उभं राहता येतं. तू पुढे असायचीस, माझा हात धरून मला वर ओढायचीस. अगदी तसंच आहे. तोच आवाज. उन्हात डोळे दिपतात तेही तसेच. मी पहिलं पाऊल टाकलं आणि मला मिठागर आठवलं, आणि मी हात पुढे केला, तू धरशील म्हणून. पुढे कोणी नव्हतं.

हे मी पेज भरवताना सांगितलं असतं तर तू डोळे मिटून तिथे पोहोचली असतीस. तुझे पाय ते ओळखत होते. तुझ्या पायांनी ते कितीतरी वर्षांपूर्वीच बघून ठेवलं होतं. एका वाक्याचं काम होतं आणि ते मी केलं नाही.

त्या माझ्या एका पाठ फिरवण्याबद्दल मी काय मागू? माफी मागितली तर तू म्हणशील, "झालं ते झालं, चहा घे." तर मागत नाही. फक्त आज सकाळी मी विहिरीवर उभा राहून हात हलवला. दोन वर्षं उशिरा. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईला वाटलं तिलाच हलवला, तिनेही हलवला.

तू जाशील तिथे शिडीपाशी कोणीतरी झडती घ्यायला असेलच. घेऊ दे. दुमड चाचपू दे. काही सापडणार नाही, बाय, या वेळी मी बघून घेतलंय. तू उतर.

तुझा,
पास्कू